सातवं प्रकरण आणि देवीचं गाठोडं

प्रत्येक समाजाच्या वाट्याला केव्हातरी एक लेखक येतो आणि त्या लेखकाच्या तोंडून तो समाज पहिल्यांदा बोलू लागतो. आमच्या समाजाचा तो लेखक म्हणजे मी. ही गोष्ट मला निमंत्रणपत्रिकेवरून कळली. समाजाकडून कळणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवसांत समाज माझ्याशी बोलत नव्हता.

बीदरला माझ्या कादंबरीचा सत्कार आणि वाचन होतं, त्याची ही पत्रिका जाड होती, कोपऱ्यात सोनेरी वेल होती. माझ्या कादंबरीचं वर्णन तिच्यावर ‘आदिवासी आणि क्वीअर अस्मितेचा सीमाभागातील पहिला हुंकार’ असं केलं होतं. तीनशे पानांच्या त्या कादंबरीत माणसं बोलतात, भांडतात, शिव्या देतात. हुंकार कुणीच देत नाही. मी पत्रिका घरी आणून टेबलावर ठेवली. संध्याकाळी तो कामावरून आला आणि हात पुसून त्याने ती उचलली.

तो म्हणजे ज्याच्याबरोबर मी अकरा वर्षं राहतो. बीदरच्या बाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात तो काम करतो आणि तिथून जवळच आमचं दोन खोल्यांचं घर आहे. त्याची भाषा कन्नड. मराठी तो माझ्याकडून शिकला आणि दखनी गोदामात. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून तो मला ‘मेष्ट्रे’ म्हणतो, म्हणजे मास्तर.

“मेष्ट्रे, माझं नाव न्हाई की ह्याच्यात,” तो म्हणाला.

“माझं तरी कुठे धड दिसतंय? अध्यक्षांचं बघ.”

“व्हय, ते दुकानाच्या पाटीवर चालंल.”

पत्रिकेतल्या दोन अस्मितांपैकी पहिली माझ्याकडे कागदोपत्री आहे. आम्ही फासेपारधी. बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळच्या बाहेर माळावर आमची तीसेक घरांची वस्ती आहे. कॉलेजात असताना मला दाखला हवा होता, आणि तो देणाऱ्या साहेबांनी माझी आणि वडिलांची एकदमच तपासणी घेतली. प्रश्न असा होता की तितर धरायचा फास कसा लावतात. वडिलांनी हयातभर फास लावले होते. ते म्हणाले, “दोरी द्या, लावून दाखवतो.” साहेब म्हणाले, उत्तर लेखी हवं. वडिलांना लिहिता येत नव्हतं. मी जन्मात एक तितर धरलेलं नव्हतं, पण कॉलेजच्या ग्रंथालयात कुणा जुन्या अधिकाऱ्याने आमच्यावर लिहिलेलं पुस्तक होतं आणि त्यातलं फासाचं पान माझं पाठ होतं. मी ते उतरवून दिलं. मी आदिवासी ठरलो. वडील माझे वडील असल्यामुळे मग तेही ठरले.

दुसऱ्या अस्मितेचा दाखला अजून कुणी मागितलेला नाही. मागितला तर कोणत्या खिडकीवर जायचं, हे मला माहीत नाही.

पत्रिका आली त्याच आठवड्यात एका सकाळी माझा चुलता आमच्या दारात उभा राहिला. वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले आहेत. वस्तीच्या पाच पंचांमध्ये आता त्याचा शब्द मोठा. मंठाळहून पहिल्या बसने आला होता आणि त्याच्या खिशात तीच सोनेरी पत्रिका होती, कारण कार्यक्रमात ‘समाजाचे ज्येष्ठ’ म्हणून त्याचाही सत्कार होता. वस्तीतल्या एका शिकलेल्या पोरीकडून त्याने कादंबरी वाचून घेतली होती. सगळी नाही. सातव्या प्रकरणापर्यंत.

घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे ती मराठीत घेतली आहे, म्हणजे तळटिपा लागणार नाहीत.

“चा घे, काका.”

“चा राहू दे. सातवं परकरन काढ.”

“पुस्तक छापून झालंय.”

“मग त्या दिशी लोकांपुढं वाचू नको. दुसरं काय बी वाच. फासाचं वाच, पोलिसांनी तुझ्या आज्याला मारलेलं वाच. लोक रडतील.”

“आन् सातवं कामून नको?”

“आपल्यात असलं नव्हतं. हे शहरातलं हाय. तू हितं राहून बिघडलास, ते तुझ्यापाशी. म्हाताऱ्यांच्या गळ्यात कामून बांधायलास?”

आतल्या खोलीत तो डबा भरत होता. डब्याचं झाकण जरा जोरात लागलं.

चुलता उठला. चप्पल घालता घालता त्याने मुख्य गोष्ट सांगितली. “वाचलंस, तर तुझी आई औंदा दोरीला बसनार न्हाई. मग मला म्हनू नको.”

दोरी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. वर्षातून एकदा माळावर आमचं देवकार्य होतं. त्या दिवशी सगळं पुरुष करतात. पाणी पुरुष आणतात, बोकड पुरुष कापतात, रांधतात पुरुष, देवीचं कापड धुतात तेही पुरुष. बायकांनी लांब थांबायचं. जमिनीवर फासाची जुनी लांब दोरी अंथरतात. तिच्या अलीकडे देवी, पलीकडे बायका. पण गाणी बायकांचीच. देवी कुठून निघाली, कोणत्या नदीला थांबली, कुणी तिला पाणी दिलं आणि कुणी नाही, हे सगळं त्या दोरीपलीकडून गातात. तीस वर्षं ती गाणी माझी आई उचलते. काही कडवी आता तिच्याशिवाय कुणाला येत नाहीत. दोरीवरून उठवलं म्हणजे गाणं गेलं एवढंच नाही. मग तिच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, बाळंतपणाला तिला कुणी बोलवत नाही, आणि ती मेली तर खांदा द्यायला वस्तीतला एकही माणूस येत नाही. आई सत्तरीची आहे आणि वस्तीत एकटी राहते. माझ्या धाडसाची शिक्षा भोगायला चुलत्याने योग्य माणूस निवडला होता.

मी आईला फोन केला. चुलता काय म्हणाला ते सांगितलं. मागे तिची शेळी ओरडत होती.

“काय लिवलंस ते मला कुनी सांगिटलंच न्हाई,” ती म्हणाली. “तुझ्या काकाला ठावं, त्या पोरीला ठावं. मी येते बीदरला. आधी ऐकते, मग बसायचं का उठायचं ते बघते.”

सातव्या प्रकरणात दोन म्हातारे आहेत. ते मी कल्पनेतून आणलेले नाहीत. एक माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आम्ही त्याला धाकला आजा म्हणायचो. दुसरा अफजलपूरकडच्या करजगीहून आलेला, आमच्याच जातीचा, म्हणून करजगीचा आजा. तरुणपणी तितरांच्या मागे माळ तुडवताना दोघांची गाठ पडली आणि मग ते वेगळे राहिलेच नाहीत. वस्तीच्या टोकाला त्यांची झोपडी होती. एक शिकवलेली गाय होती, जिच्या आडोशाने ते पाखरांजवळ जायचे. वाकळ एकच होती. सगळ्या वस्तीला सगळं ठाऊक होतं. आमच्या बोलीत त्याला शब्द नव्हता, आणि शब्दावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

त्या झोपडीत देवीचं गाठोडं असायचं. ही आमच्या कुळाची सगळ्यांत पवित्र आणि सगळ्यांत गैरसोयीची वस्तू. लाल कापडात देवीचे चांदीचे टाक, मोरपिसं आणि आणखी काहीतरी, जे मला कधी दाखवलेलं नाही. त्याला बाईचा हात लागायचा नाही, लुगड्याचा पदर लागायचा नाही, बाई त्याच्या वरून जायची नाही. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाच्या डोक्याच्याही वर ते ठेवायचं. ज्या घरात गाठोडं, तिथल्या बायकांनी त्या खोलीत पाय टाकायचा नाही, आणि तेव्हा वस्तीत प्रत्येकाकडे खोली एकच असायची. म्हणजे देवी आत आणि बायका वर्षभर बाहेर. हा नियम बायकांवर अन्याय करणारा आहे, असं मी कादंबरीत चार पानं लिहिलं आहे. ती पानं काढायला मला कुणीच सांगितलं नाही.

तेव्हा प्रत्येक घराला वाटायचं की गाठोडं दुसऱ्याकडे असावं. आणि वस्तीच्या टोकाला एक घर असं होतं की जिथे बाई नव्हती, येणार नव्हती, आणि दोघे पुरुष स्वतः रांधायचे, स्वतः सारवायचे. नियमाप्रमाणे पाहिलं तर त्या घराइतकं शुद्ध घर दुसरं नव्हतं. चाळीस वर्षं गाठोडं तिथेच राहिलं. लोक तिथे जाऊन नवस बोलायचे, त्या दोघांच्या पाया पडायचे. धाकला आजा गेला आणि चार महिन्यांत करजगीचा आजाही गेला. मग गाठोडं चुलत्याकडे आलं. मी सातव्या प्रकरणात एवढंच लिहिलं होतं. हुंकार नव्हताच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. निवृत्त अधिकारी, आवाज भारदस्त. म्हणाले, “उद्या तुम्ही ते जंगलाचं प्रकरण वाचा.”

“कादंबरीत जंगल नाही, सर. माळ आहे. तुरीची शेतं आहेत.”

“वातावरण महत्त्वाचं. आणि तो दुसरा विषय आपण भाषणांत घेतलाच आहे. दोन्ही एकदम श्रोत्यांना जड जातं हो.”

मी म्हणालो, मला दोन्ही एकदमच मिळालं आहे. त्यांना वाटलं मी पत्रिकेबद्दल बोलतोय. म्हणाले, “हो, हो, पत्रिका छान झाली आहे.”

कार्यक्रम सकाळी अकराचा होता, तो एकला सुरू झाला. दोन्ही अस्मितांची दखल घ्यायची म्हणून मंचाच्या एका बाजूला पुठ्ठ्याचा मोठा धनुष्यबाण होता आणि दुसऱ्या बाजूला सात रंगांचे फुगे. जांभळे फुगे मिळाले नव्हते, म्हणून तिथे पांढरे लावले होते. आमच्यात धनुष्यबाण कधी नव्हता. आमच्यात फास होता. पण फास म्हणजे जमिनीलगत लावलेल्या बारीक दोऱ्या, त्या सजावटीत दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर तितरांनाही दिसल्या असत्या. कॉलेजच्या मुलींनी पानाफुलांचे कंबरपट्टे बांधून एक नाच केला. तो कोणत्या जमातीचा, हे मी निवेदिकेला विचारलं. ती म्हणाली, “सगळ्यांचाच.”

आई चौथ्या रांगेत होती. तो तिला गोदामाच्या टेम्पोतून घेऊन आला होता आणि तिच्या शेजारी बसला होता. तिसऱ्या रांगेत, बरोबर तिच्या पुढे, फेटा बांधलेला माझा चुलता.

पहिला वक्ता पुण्याहून आलेला. तो आदिवासींच्या मूळ शहाणपणावर चाळीस मिनिटं बोलला आणि त्यात एकाही पुरुषाचं एकाही पुरुषावर प्रेम नव्हतं. दुसरी वक्त्री प्रेमाच्या स्वातंत्र्यावर बोलली आणि तिच्या भाषणातून पारधी असे निसटले, जसे पूर्वी पोलीस शिपायांच्या हातून निसटायचे. दोघांनीही माझं कौतुक केलं. अर्धा-अर्धा मी दोघांच्या वाट्याला आलो होतो आणि दोघांनाही दुसरा अर्धा जरा नकोसा झाला होता. मला सात मिनिटं मिळाली.

मी सातवं प्रकरण उघडलं. चुलता सरळ बघत होता. त्याच्या फेट्यावरून मला आईचा अर्धाच चेहरा दिसत होता. मी वाचलं:

‘अमावास्येला दोघे देवीचं कापड ओढ्यावर नेऊन धुवायचे. कापड लांब होतं, पिळायला दोन माणसं लागायची. एकजण उजवीकडे वळवायचा, दुसरा डावीकडे, आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत दोघे एकमेकांकडे बघत राहायचे. कापड वाळत घातलं की ते त्याच्याच सावलीत एका वाकळेवर आडवे व्हायचे. येणारे-जाणारे लांबूनच हात जोडायचे. कुणाला जोडायचे, ते त्यांनी कधी ठरवलं नव्हतं.’

चुलता उठला. दोन पावलं चालला. तेवढ्यात निवेदिकेने जाहीर केलं की वाचनानंतर लगेच समाजाच्या ज्येष्ठांचा शाल देऊन सत्कार होईल. तो बसला. मी उरलेली पाच मिनिटं वाचलं. मग त्याला ‘आदिवासी संस्कृतीचे जतनकर्ते’ म्हणून शाल मिळाली, ती त्याने घेतली, आणि माझ्याकडे न बघता तो बसस्टँडकडे निघून गेला.

मी खाली उतरून आईपाशी गेलो. ती टाळ्या वाजवत नव्हती.

“चुकलास,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“ओढ्याला न्हाई धुवायचे. ओढ्याला बाया धुनी धुत्यात, तितं देवीचं कापड कसं नेतील? हिरीचं पानी शेंदून झोपडीच्या मागं धुवायचे. मी बघिटलंय, कुडाच्या फटीतनं.”

“तू बघत होतीस?”

“नवी नवरी व्हते. आमच्या घरात तसं कुनी कुनाकडं बघत नव्हतं.” तिने पदर सारखा केला. “बाकी बराबर हाय. पुढल्या टायमाला हिरीचं कर.”

तो हसायला लागला. “अव्वा, तुमी आधी सांगिटलं असतं तर पुस्तक नीट झालं असतं.”

“मला इचारलं कुनी?” आई म्हणाली. टेम्पोत बसताना तिने मला वर ओढून शेजारी बसवलं आणि म्हणाली, “आता उठवू देत दोरीवरनं. बघू कसं उठवत्यात.”

पुढच्या रविवारी दुपारी वस्तीत पंचायत बसली. जागा पाण्याच्या टाकीखाली. तिथे सावली असते आणि टाकी गळते, त्यामुळे गारही असतं. पाच पंच सतरंजीवर, मी समोर, पुरुष भोवती. बायकांनी लांब बसायचं आणि पंचांपुढे तोंड उघडायचं नाही, असा रिवाज आहे. आई वीसेक पावलांवर शेळीची दोरी धरून बसली होती. टाकीच्या मागेच चुलत्याचं नवं घर दिसत होतं. वस्तीतलं पहिलं स्लॅबचं घर, तीन खोल्या, बाहेरून पोपटी रंग.

“जातीची अब्रू ह्यानं पुस्तकात घातली,” चुलत्याने सुरुवात केली.

“पुस्तकात दोन म्हातारे कापड पिळतात, काका.”

“कसं पिळतात ते बी लिवलंस!”

सगळ्यांत म्हाताऱ्या पंचाने हात वर केला. त्याला दोन दात उरले आहेत, पण बोलतो नीट. “हे बघ पोरा. ते दोगं कसे व्हते ते आमाला ठावं हाय. आमी त्यांच्या मांडीवर खेळलो. पर ठावं असनं येगळं आन् छापनं येगळं.”

माझ्या कादंबरीवर आजवर झालेली सगळ्यांत नेमकी टीका हीच. कुठल्याही परीक्षणात ती आली नाही.

“मग आपल्यात असलं नव्हतं, असं काका कामून म्हणतो?” मी विचारलं. “चाळीस वर्षं गाठोडं कुणाच्या घरात होतं?”

“त्यांच्या घरात बाई नव्हती म्हनून,” चुलता म्हणाला.

“बाई का नव्हती?”

“लगीन केलं न्हाई त्यांनी.”

“का नाही केलं?”

“ते इचारायचं नसतंय.”

“तेवढंच मी विचारलंय. तीनशे पानं तेवढंच.”

थोडी कुजबुज झाली. मग चुलत्याने घसा साफ केला आणि पंचांचा निकाल सांगायला लागला. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आतच मागून आईचा आवाज आला. मोठ्याने, पण पंचांकडे नाही. ती शेळीशी बोलत होती. पंचांपुढे बोलायची बाईला बंदी आहे. शेळीशी बोलायची नाही.

“बघ गं बाई,” ती शेळीला म्हणाली, “मला दोरीवरनं उठवायलेत. उठवू देत. माझं काय, मी भुईवर बसनारी. पर त्या देवीचं बघ की. तिला खालच्या खोलीत कोंडलंय, आन् तिच्या डोईवर दोन सुना मिरच्या वाळवायल्यात. परवा तर पापड बी व्हते.”

सगळे पंच वळले. वर, पोपटी घराच्या स्लॅबवर, चुलत्याच्या दोन्ही सुना उन्हात मिरच्या परतत होत्या. थोरलीने आमच्याकडे बघून हात हलवला.

मी त्या क्षणी चुलत्याचा चेहरा पाहिला आणि मला खरोखर त्याचं वाईट वाटलं. त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. बाईने गाठोड्यावरून जायचं नाही, हा नियम झोपड्यांच्या काळातला. गवताच्या छपरावर कोण चढणार? मग मंजूर झालेलं पक्कं घर आलं, त्याने हौसेने स्लॅब टाकला, देवीला स्वतंत्र खोली दिली, पितळी दिवा लावला, आणि वर सपाट, उन्हाची, स्वच्छ जागा झाली. वस्तीत मिरच्या वाळवायला त्याहून बरी जागा नव्हती. सगळ्यांच्याच घरच्या मिरच्या तिथे जात. वस्तीतली प्रत्येक बाई देवीच्या डोक्यावरून चालून आली होती आणि एकाही पुरुषाच्या ते लक्षात आलं नव्हतं. बायकांच्या आलं होतं की नाही, ते मी आईला अजून विचारलेलं नाही.

“किती वर्सं झाली घराला?” म्हाताऱ्या पंचाने विचारलं.

“तीन,” चुलता म्हणाला.

मग तीन वर्षांतल्या सगळ्या वाईट गोष्टींचा उलगडा पाच मिनिटांत झाला. आटलेली बोअर, मेलेला बैल, एका पंचाचा बारावीत दोनदा नापास झालेला नातू. मी त्या नातवाला शिकवलं आहे. त्याच्या बाबतीत देवीचा काही दोष नव्हता.

गाठोडं आजच हलवायचं ठरलं. कुणाकडे? एकेक घर घेतलं. इथे तीन सुना, तिथे स्लॅब, तिकडे लेक बाळंतपणाला आलेली. शेवटी घरं संपली. तेव्हा म्हाताऱ्या पंचाने माझ्याकडे न बघता विचारलं, “ह्याच्या घरात बाई हाय का?”

“न्हाई,” कुणीतरी म्हणालं.

“वर काय हाय?”

“पत्रे,” मी म्हणालो.

माझ्यासोबत राहणारा माणूस आमच्या जातीचा नाही, हा मुद्दा निघेल असं मला वाटलं होतं. निघाला नाही. तो बाई नाही, एवढ्यावर पंचांचं समाधान झालं. माझाही एक मुद्दा होता, तो मी मांडला. म्हणालो, “माझा देवीवर विश्वास नाही, हे सांगून ठेवतो.”

“तिचा कुठं तुझ्यावर हाय,” म्हातारा म्हणाला. “तुला काय पुजायला सांगिटलंय? ठेवायला सांगायलोत.”

चुलत्याने शेवटचा प्रयत्न केला. “देऊ. पर सातवं परकरन पुढल्या छपाईत काढायचं.”

“नाही काढणार,” मी म्हणालो. “पुढल्या छपाईत ओढ्याच्या जागी विहीर येईल, तेवढंच बदलेल. माझ्या घरात बाई नाही म्हणून तुम्ही देवी देताय. ती का नाही, हे लिहिलेलं राहील. दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा.”

चुलता इतरांकडे बघू लागला. म्हातारा पंच उठता उठता म्हणाला, “असू दे. वाचतंय कोन पर ते.” आणि मग आईच्या दिशेने, शेळीकडे बघत: “गाठोडं ज्याच्या घरी, त्याची आय दोरीच्या मधोमध बसती. तसाच रिवाज हाय.”

आई शेळीला म्हणाली, “ऐकलंस का गं?”

त्या वर्षी ती मधोमध बसली. मी अलीकडे कांदे चिरत होतो आणि तो, पहिल्यांदाच बोलावलेला, माझ्याशेजारी चूल फुंकत होता. नदीचं कडवं आलं तेव्हा आईचा आवाज चढला. मला ते कडवं लिहून घ्यायचं आहे. ती म्हणते, आधी विहीर नीट कर.

फुकट काहीच झालं नाही. पूर्वी बीदरला आली की आई आमच्या आतल्या खोलीत पलंगावर झोपायची आणि सकाळी स्वयंपाकात लुडबुड करायची. आता गाठोडं त्या खोलीत आहे, त्यामुळे ती उंबऱ्याच्या बाहेर, पुढच्या खोलीत झोपते. ज्या नियमाविरुद्ध मी चार पानं लिहिली, तो आता माझ्याच घरात पाळला जातो, माझ्याच आईवर. मी तिला म्हणालो, आपण नाही पाळायचा, ये आत. ती म्हणाली, “गप. तुमच्या दोघांच्या हातचं आयतं खायला मिळायलंय, त्यात घान घालू नको.”

चुलता दर अमावास्येला पहिल्या बसने येतो. आता चहा घेतो. चुलत्याशी तो कन्नडमध्ये बोलतो, कारण कन्नडमध्ये चुलत्याला फारसं भांडता येत नाही. मग चुलता आत जातो, चप्पल काढून कपाटापुढे उभा राहतो आणि डोकं टेकतो. त्याचं कपाळ गाठोड्यापर्यंत पोचत नाही. कपाट साडेपाच फुटांचं आहे आणि माझ्या घरातला सगळ्यांत उंच माणूस सहा फूट, म्हणून गाठोड्याखाली, चुलत्याचं कपाळ टेकतं तिथे, कादंबरीच्या छत्तीस प्रती रचलेल्या आहेत. त्या प्रकाशकाने परत पाठवल्या होत्या.